एका वाक्याची आमदारकी

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना, या मजकुराद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रत्नागिरी जिल्ह्यातले एक माजी आमदार ऐंशीच्या दशकात राजकारणातून निवृत्त झाले, ते ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ झाले अशी जी समजूत तेव्हा पसरली होती, ती निखालस खोटी आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. त्या दिवशी सकाळी त्यांनी सहा आंबोळ्या खाल्ल्या होत्या आणि त्या मीच घातल्या होत्या. निवृत्तीचं खरं कारण एक नारळ होता. हे मी अधिकाराने सांगते, कारण ते माजी आमदार माझे सासरे होते आणि तो नारळ आमच्या स्वयंपाकघरातला होता.

इतकी वर्षं मी गप्प का बसले, असं कोणी विचारील. मी मुळीच गप्प बसले नव्हते. ही गोष्ट मी प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला आणि हळदीकुंकवाला सांगत आले आहे. लिहून काढायची तेवढी राहिली होती.

मी माहेरची रत्नागिरी शहरातली. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन देवरूखच्या वाटेवरच्या एका डोंगराळ गावात आले. नवरा मुंबईला नोकरीला. तिथे खोलीची सोय होईपर्यंत मी सासरी राहायचं असं ठरलं, आणि ती सोय व्हायला चार वर्षं लागली. वडिलांनी मला आमदारांच्या घरात दिली होती. निदान लग्नपत्रिकेत तसं छापलं होतं. प्रत्यक्षात मी उंबरठ्यावरचं माप ओलांडलं तोवर मामंजी माजी होऊन बसले होते. ते निवडून आले ती विधानसभा मुदतीआधीच बरखास्त झाली आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले. म्हणजे आमदार ते अपुऱ्या मुदतीचे, माजी मात्र भरपूर. गाव त्यांना तरीही ‘आमदार’ अशीच हाक मारी. फाटकावरची पाटीही ‘आमदार’ अशीच होती. तिच्यावर ‘माजी’ लिहायला कोणाचा हात धजावला नव्हता. सासूबाईंनी त्या पाटीच्या खिळ्याला मिरच्या वाळवायचं सूप अडकवायला सुरुवात केली होती, एवढंच.

आता मामंजी आमदार झाले कसे, हे सांगायचं तर आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. कोकणातल्या वाचकांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण मला माहीत आहे, चुका काढण्यासाठी तेच तो आधी वाचतील.

गावात काहीही करायचं असलं, लावणी असो, पालखी असो, कोणाचा पोरगा मुंबईला निघालेला असो, की मानकऱ्याने नारळ हातात घेऊन देवासमोर उभं राहायचं आणि देवाला सगळं मोठ्याने सांगायचं. हे गाऱ्हाणं. एकेक वाक्य तो असं वर नेऊन सोडतो, की ते हवेत लोंबकळत राहतं आणि मागे उभे असलेले सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, “व्हय महाराजा!” यात विचार करण्याचा प्रश्नच नसतो. आमच्याकडच्या पुरुषाला भरदुपारी वामकुक्षीत जरी कोणी त्या सुरात काही सांगितलं, तरी तो कूस बदलून ‘व्हय महाराजा’ म्हणेल आणि पुन्हा घोरू लागेल. गाऱ्हाण्याचे नियम तीन. एकदा सुरू केलं की मध्येच सोडायचं नाही, शेवट म्हटल्यावरच थांबायचं. नारळ हातात असेपर्यंत खोटं बोलायचं नाही. आणि ‘व्हय’ म्हणायचं ते पुरुषांनी. बायकांनी बाजूला हात जोडून उभं राहायचं.

यातला दुसरा नियम आमच्या घरात जरा जास्तच कडक होता. स्वयंपाकघराच्या फडताळात, डाव्या कोपऱ्यात, सासूबाईंनी एक नारळ कायमचा ठेवलेला असे. कोणी चुकून आमटीला फोडू नये म्हणून त्याच्या शेंडीला लाल दोरा बांधलेला. सासूबाई आवाज कधीच चढवत नसत. त्या फक्त नारळ आणून हातात देत.

“अहो, हा धरा. आता सांगा, आज विडी ओढलीत?”

मामंजी नारळाकडे पाहत, आढ्याकडे पाहत, मग पडेल आवाजात म्हणत, “दोन.”

मलाही तो एकदा धरावा लागला होता. “सूनबाई, साय मांजराने खाल्ली म्हणतेस ना गो? हा धर बघू.” मी बी.ए. झालेली, आधुनिक विचारांची मुलगी. नारळ हातात पडला आणि माझ्या तोंडून निघालं, “मी खाल्ली.” त्या वस्तूत काय होतं कोण जाणे.

तर मामंजी गावचे मानकरी, आणि त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे ऐकण्यासारखी चीज. आवाज असा, की पलीकडच्या वाडीतली गुरं माना वर करत. माझ्या लग्नाआधी कधीतरी पक्षाचे एक बडे पुढारी गावात सभेला आले होते. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की मी तिथे हजर होते असं म्हणायलाही हरकत नाही. ऐन वेळी कर्णा बंद पडला. पुढारी ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते आणि लोक आपापसात काजूबियांबद्दल बोलत होते. शेवटी कोणीतरी म्हणालं, निदान गाऱ्हाणं तरी घाला. मामंजी नारळ घेऊन उभे राहिले.

“बा देवा महाराजा! आज हे पाहुणे लांबून आपल्या गावात आले हायत...”

“व्हय महाराजा!”

“त्यांच्या पक्षाला यश दे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

मैदान हादरलं. पुढारी खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी आयुष्यभर सभा घेतल्या होत्या, पण कर्ण्याशिवाय, एका वाक्याला, पाचशे माणसं एकदम हो म्हणताना पाहिली नव्हती. त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं, “हा माणूस कोण?” आणि त्या वर्षी तिकीट मामंजींना मिळालं. जिल्ह्यातले जाणते लोक पक्षाच्या त्या निर्णयाची कारणमीमांसा अजून करत असतात, म्हणून सांगून ठेवलं.

प्रचारात त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. गावोगाव तोच सूर. “आपल्या गावात रस्ता यावा रे महाराजा!” “व्हय महाराजा!” निवडून आले.

आणि मग विधानसभा. तिथली रीत तुम्हाला ठाऊक असेल. बोलणाऱ्याने ‘अध्यक्ष महाराज’ असं म्हणून सुरुवात करायची. मामंजींचा इथेच घोटाळा झाला. ते मला सांगायचे, “सूनबाई, महाराज म्हणायचं ते मीच म्हणायचं. बरं, म्हटलं. पण पुढे व्हय म्हणायला कोणी नाय!” ते उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “अध्यक्ष महाराज, आमच्या नदीवर साकव नाय!” आणि सवयीप्रमाणे थांबले.

सभागृह गप्प.

मामंजी वाट पाहत राहिले. कोणीतरी खोकलं. अध्यक्षांना वाटलं, सन्माननीय सदस्यांचं भाषण संपलं; त्यांनी पुढच्या सदस्यांचं नाव पुकारलं. मामंजी खाली बसले ते पुन्हा कधी उठले नाहीत. विधानसभा बरखास्त झाली तेव्हा त्यांचं एकूण संसदीय कार्य एका वाक्याचं होतं.

पण गंमत पाहा. साकव मंजूर झाला! माझा तर्क असा, की त्या अधिवेशनात मंत्र्यांनी शेवटपर्यंत ऐकलेलं ते एकच भाषण असावं. नदीवर तो साकव अजून आहे, पावसाळ्यात पोरं त्याच्यावरूनच शाळेत जातात. पाच-पाच वर्षं बोलून ज्यांच्या नावावर एक फरशीसुद्धा नाही असे कितीतरी आमदार मी नंतर पाहिले.

पुढच्या निवडणुकीतही सभा तशाच दणाणल्या, आणि मामंजी सपाटून पडले. निकालानंतर त्यांनी वाडीतल्या लोकांना पारावर गाठलं. “अरे, सभेला सगळे व्हय म्हणालात ना?”

“म्हणालो की, आमदार.”

“मग मतं खंय गेली?”

एक म्हातारा तंबाखू मळत शांतपणे म्हणाला, “गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचंच असतं. तो विरोधवाला आला, त्यानेपण नारळ फोडला. त्यालापण म्हणालो.”

त्या पराभवानंतर मामंजी दोन महिने पडवीत बसून होते. मग सासूबाईंनी त्यांच्या हातात कुदळ दिली. घरामागच्या कातळउतारावर दोघांनी मिळून हापूसची कलमं लावली. खड्डे त्यांनी खणले, पाणी सासूबाईंनी घागरीने वाहिलं. ते मुंबईला आमदार निवासात होते तेव्हा इकडे रोज पंचवीस माणसांचा चहा व्हायचा, आणि चहा पिणारे आपापली कामं सासूबाईंनाच सांगत बसायचे. ती वर्षं त्यांनी कधी बोलून दाखवली नाहीत. पण कलमांबद्दल त्या बोलत. “पाचव्या वर्षी आंबा धरतो गो. तोवर माणूस घरात पाहिजे.”

आणि नेमक्या त्याच पाचव्या वर्षी, मोहोर फुटायच्या सुमाराला, पुन्हा निवडणूक आली. पक्षाकडून पत्र आलं: उमेदवारी ठरवण्यासाठी एक निरीक्षक गावात येतील, इच्छुकांचं काम आणि लोकांचा पाठिंबा स्वतः पाहतील. दुसरे इच्छुक म्हणजे रत्नागिरीतले एक वकील, गोरेगोमटे, इस्त्रीचे. मामंजींनी ते पत्र इतक्यांदा वाचलं, की घडीवर फाटलं. चष्म्याच्या डबीत ठेवून ते गोठ्यातसुद्धा नेत. इतका आशेने भरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. कातळावरच्या मोहोराला तुडतुडे लागले होते, औषधाचा पंप पडवीत तसाच पडून होता, आणि हे खळ्यात येरझाऱ्या घालत होते.

सासूबाई म्हणाल्या, “फवारणी?”

“निवडणूक होऊ दे.”

“मोहोर थांबेल तुमच्या निवडणुकीसाठी?”

ते पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. सासूबाईंनी पाटीवरचं सूप काढून घेतलं. मला वाटलं, माघार घेतली. मला तेव्हा माणसं ओळखता येत नव्हती.

“सूनबाई,” मामंजी मला म्हणाले, “तू मराठी शिकलीस. मला भाषण लिहून दे. व्हय न येणारं.”

त्यांचा विचार पक्का होता. निरीक्षक घाटावरचे. त्यांना गाऱ्हाणं वगैरे काही कळणार नाही. लोक एका सुरात ओरडू लागले तर त्यांना वाटेल, पढवून आणलेत. तेव्हा या वेळी शहरी, मुद्देसूद, अखंड भाषण हवं. मी कामाला लागले. वाक्याचा शेवट वर जाता कामा नये, खाली पडला पाहिजे. दोन वाक्यांत फट नको. म्हणून मी प्रत्येक वाक्याच्या मानेवर ‘तथापि’ किंवा ‘परंतु’ आणून बसवला. ‘माझ्या कारकिर्दीत या मतदारसंघात विविध विकासकामे पार पडली, तथापि...’

“विविध म्हणजे किती?” सासूबाईंनी चुलीपासून विचारलं.

“विविध म्हणजे विविध,” मामंजी म्हणाले.

“साकव सोडून?”

“आई,” मी म्हणाले, “भाषणात तसं लिहायची पद्धत असते.”

“असेल बाई,” त्या म्हणाल्या आणि फडताळाकडे एक नजर टाकली. आत्ता आठवतंय म्हणून सांगते. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भाषणाची परीक्षा घ्यायला आमच्याकडे एक साधन होतं. घरात एक जुना गडी होता, साठीचा, मामंजींच्या गाऱ्हाण्याला चाळीस वर्षं ‘व्हय’ म्हणत आलेला. मी त्याला खळ्यात बसवलं आणि समोर मामंजींना उभं केलं. पहिल्या दिवशी मामंजी म्हणाले, “बंधू आणि भगिनींनो...” आणि गडी म्हणाला, “व्हय महाराजा.”

“अरे, अजून काय बोललोच नाय!”

“व्हय महाराजा.”

मी आणखी ‘तथापि’ घातले. मामंजींना मान खाली घालून, कारकुनासारखं, वाचायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी गडी चार ठिकाणी घसरला, तिसऱ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी सातही कागद संपले आणि गड्याच्या तोंडून चकार शब्द आला नाही. पाहते तर तो खांबाला टेकून गाढ झोपला होता.

“जमलं!” मामंजी आनंदाने ओरडले. “सूनबाई, हेच ते राजकारण!”

निरीक्षक आले ते सकाळी दहाच्या सुमाराला, जीपमधून. उंच, जाड, हातात काळी डायरी. सभा शाळेच्या मैदानावर ठेवली होती, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सासूबाईंनी पाहुण्यांना गूळपाणी दिलं आणि पदर सावरत हळूच म्हणाल्या, “एवढ्या लांबून आलात, आधी ग्रामदेवतेचं दर्शन घ्या. मग म्हणते, सभा देवळाच्या मंडपातच होऊ दे की. तिथे सावली आहे. शाळेपाशी ऊन फार.”

“अगो, खुर्च्या मांडल्या!” मामंजी म्हणाले.

“खुर्च्यांना पाय असतात. आणतील उचलून.”

“वहिनींचं बरोबर हाय,” घाटावरचे निरीक्षक घाम पुसत म्हणाले. “ऊन लई हाय तुमच्याकडं.”

सगळं गाव देवळात आलं. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पुरुष, बाजूच्या ओट्यावर आम्ही बायका. पाहुण्यांनी दर्शन घेतलं. मामंजी माझं भाषण उजव्या हातात घेऊन उभे राहिले, मान खाली, आवाज कारकुनी, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि गुरवाने तबक पुढे केलं.

तबकात नारळ होता. पाहुणे देवळात आले, त्यांच्यासाठी देवाला सांगायला नको? नारळ उजव्या हातात घ्यायचा असतो. मामंजींनी भाषण डाव्या हातात घेतलं, तर चष्मा सावरता येईना. मग सातही कागद माझ्याकडे देत म्हणाले, “सूनबाई, धर जरा. पाहुण्यांपुरतं घालतो न् लगेच भाषण.”

मी कागद घेतले आणि माझं लक्ष नारळाच्या शेंडीकडे गेलं. शेंडीला लाल दोरा होता.

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई देवाकडे पाहत होत्या.

पुढे कित्येक वर्षांनी मी त्यांना विचारलं, आई, तो तुम्ही मुद्दाम आणलात ना? तर म्हणाल्या, “पाहुणे देवळात यायचे, मग नारळ नको? मी काय दुसरा शोधत बसू?” हे सांगताना नारळ मात्र त्यांच्या हातात नव्हता, एवढं मी नोंदवून ठेवते.

मामंजींनी डोळे मिटले.

“बा देवा महाराजा! आज हे घाटावरचे पाहुणे तुझ्या पायाशी आले हायत...”

“व्हय महाराजा!”

“त्यांचं मन निर्मळ ठेव रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

मंडप घुमला. निरीक्षक खूश झाले. ते समजले, सभा सुरू झाली. त्यांनी डायरी उघडली, पेन काढलं आणि मोकळेपणाने मध्येच विचारलं, “वा, आमदारसाहेब! आता कामाचं सांगा. तुमच्या काळात काय काय कामं झाली?”

मामंजींनी डोळे उघडले. इथे त्यांची काय अवस्था झाली ते समजून घ्या. गाऱ्हाणं मध्ये सोडता येत नाही. पाहुण्याला उत्तर दिल्याशिवाय राहता येत नाही. आणि हातात नारळ, तोही तो. त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मी ओठांनीच ‘विविध’ असं म्हणून दाखवलं. त्यांनी नारळाकडे पाहिलं.

“बा देवा महाराजा! ह्या हातून एक साकव झाला!”

“व्हय महाराजा!”

“आणि?” निरीक्षकांनी लिहिता लिहिता विचारलं.

“दुसरं काय झालं नाय रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” गाव एकमुखाने.

पेन थांबलं. “विधानसभेत किती वेळा बोललात?”

“एक वाक्य बोललो रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“गप बसा रे!” मामंजी मागे वळून म्हणाले. पण गाऱ्हाण्याचा सूर घशात भरलेला, तो काही उतरेना. तेही तसंच वर जाऊन लोंबकळलं.

“व्हय महाराजा!”

आमचा गडी तर सर्वांत पुढे होता. पाच दिवस गप्प ठेवलेला माणूस. बिचाऱ्याचा घसा मोकळा झाला. बायकांच्या ओट्यावर पदर तोंडाशी गेले होते. माझ्या हातातले ‘तथापि’ लटलट कापत होते, कारण मी हसत होते, आणि हसताना मला मामंजींची इतकी दयाही येत होती, की डोळ्यांत पाणी होतं. निरीक्षक मात्र वाईट माणूस नव्हता. त्यांनी डायरी मिटली आणि घरच्यासारखं विचारलं, “आमदारसाहेब, एक खरं सांगा. तुम्हाला मनापासून उभं राहायचंय का?”

मामंजींना काय हवं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पत्र घडीवर फाटलं होतं ते काय उगाच? त्यांनी फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलेला तो एक शब्द या खेपेला स्वतः म्हणायचा होता.

ते उभे राहिले, नारळ धरून. मंडपाच्या उघड्या बाजूने आमचा कातळउतार दिसतो. कलमं मोहोराने पिवळी झाली होती, खालच्या दोन रांगा तुडतुड्यांनी काळवंडल्या होत्या. ते तिकडे बराच वेळ पाहत राहिले.

इथे मी जरा थांबते आणि राहिलेलं सांगून टाकते, म्हणजे शेवटी घाई नको. तिकीट वकिलांना मिळालं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे शब्द निरीक्षकांनीच सुचवले, सभ्य गृहस्थ होते. त्याच दिवशी दुपारी मामंजी पाठीला पंप बांधून कातळावर चढले. खालच्या दोन रांगा गेल्या, वरच्यांना आंबा धरला. पहिली पेटी निरीक्षकांना पाठवली. फाटकावरच्या पाटीला सूप परत लागलं.

आता पुन्हा मंडपात चला. गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल आणि सगळ्यांना आपापल्या घरी सुखरूप ठेव, एवढं म्हणायचं आणि नारळ फोडायचा. मामंजींनी देवाकडे तोंड केलं. त्यांनी शेवट म्हटला, पण ‘सगळ्यांना’ हा शब्द त्यात नव्हता.

“बा देवा महाराजा! काय चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल. आणि ह्या तुझ्या एका लेकराला... त्याच्या घरी ठेव रे महाराजा!”

आणि काय सांगू, गावाच्या इतिहासात पहिल्यांदा कोणी काही म्हणालं नाही. पुरुषांची तोंडं उघडली आणि तशीच राहिली. त्यांना वाक्याचा अर्थ कळला होता, आणि अर्थ कळल्यावर काय म्हणायचं, याची कोणाला सवय नव्हती. गड्यानेसुद्धा मान खाली घातली. वाक्य हवेत लोंबकळत राहिलं. विधानसभेत राहिलं होतं, तसंच. मामंजी वाट पाहत होते. त्यांच्या हातातला नारळ हळूहळू खाली येऊ लागला.

तेवढ्यात माझ्या शेजारून, बायकांच्या ओट्यावरून, चाळीस वर्षांत देवळात तोंड न उघडलेल्या माझ्या सासूबाई, पदर डोक्यावर, हात जोडलेले, छाती भरून ओरडल्या:

“व्हय महाराजा!”